ठिपके हलत नव्हते

संपादकांचा फोन आला. "मयेकर, दुकानातल्या गमतीजमती लिहा. विचित्र गिऱ्हाइकं, फजिती, असलं काहीतरी. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसलो तर हलकं काही सुचेचना. गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, माझ्याच पडवीत, माझ्याच हाताने लावलेल्या एका रेकॉर्डने मला असा दणका दिला की मी अजून धड सावरलेलो नाही. तेव्हा त्या दणक्याचीच हकिगत सांगतो. त्यात फजिती भरपूर आहे.

माझं दुकान रत्नागिरीच्या राम आळीत होतं. रेडिओ दुरुस्ती हा मूळ धंदा. कॅसेटचा जमाना आला तसं मी कॅसेट भरून द्यायला लागलो. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचं. मी एकेक रेकॉर्ड लावून ती गाणी कॅसेटवर उतरवून द्यायचो. कायद्यात हे बसत नव्हतं, पण तो कायदा आमच्या आळीपर्यंत पोचलेला नव्हता. साठ मिनिटांची कॅसेट भरायला साठ मिनिटंच लागतात, तिथे घाई करून उपयोग नसतो. आवाजाचा काटा तांबड्यात जाऊ द्यायचा नाही, आणि बाजू संपताना गाणं मधेच तुटू द्यायचं नाही, ही त्यातली कारागिरी. माझ्या कॅसेटवर कधी गाणं तुटलेलं नाही, हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगतो. बाकी छाती पुढे काढण्यासारखं काय उरलंय ते पुढे कळेलच.

इब्राहिम मुकादम हा माझा शाळेतला मित्र. मांडवीला आमची घरं पाठीला पाठ लावून. तो बोटीवर इंजिनखात्यात होता, वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. एकदा सुट्टीवर आला तो हातगाडीवर एक मोठं खोकं घालून थेट दुकानात. आत एक जपानी रेकॉर्ड प्लेअर आणि पंचवीसेक इंग्रजी एल.पी. रेकॉर्डी होत्या. बोटीवरचा कुणी साहेब नोकरी सोडून जाताना ते सगळं त्याच्या गळ्यात मारून गेला होता.

"सदा, ही पेटी तुझ्याकडं राहू दे," इब्राहिम म्हणाला. "अम्मीनं कव्हरावरची केसाळ माणसं बघितलीन आणि म्हटलंन, ही भुतं माझ्या घरात नकोत."

"तू ऐकलंस का काय आहे ते?"

"मी? मी दहा महिने इंजिनाजवळ उभा असतो. घरी येऊन परत तेच ऐकू?"

तो गेला तो पुढच्या सुट्टीपर्यंत. त्याने ती पेटी कधी परत मागितली नाही, आणि आता तो मागायला या जगात नाही.

मशीन देखणं होतं. मागे एक पत्र्याची पाटी होती: ११० व्होल्ट, ६० सायकल. आपल्याकडची वीज दोनशेतीस व्होल्टची. सरळ लावलं असतं तर धूर निघाला असता. मी तीन दिवस खपून, हाताने तार गुंडाळून, त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर बनवला. बटण दाबलं आणि रेकॉर्डखालची तबकडी पहिल्या झटक्यात फिरायला लागली. मला आभाळ ठेंगणं झालं. व्होल्टचं भागलं म्हणजे सगळं भागलं, असं मी धरून चाललो. पाटीवरचा दुसरा आकडा मी वाचला होता. वाचला आणि सोडून दिला.

त्या मशीनची पिन, म्हणजे रेकॉर्डवर टेकते ती सुई, जपानशिवाय मिळणारी नव्हती. म्हणून मी नेम केला, ह्या मशीनवर फक्त ह्या इंग्रजी रेकॉर्डी वाजतील. भजनं, नाट्यगीतं, सिनेमाची गाणी आपली जुन्या मशीनवर. तिथली पिन जाडी होती, झिजलेल्या रेकॉर्डींना तीच बरी. नेम मी कसोशीने पाळला. एकदा जरी मोडला असता तरी आज हा लेख लिहायची पाळी आली नसती.

आठवड्याभरात लोक जमायला लागले. बँकेतले, बंदरावरचे, कॉलेजातले. रॉक म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पण ती गाणी कानावर पडली आणि आम्ही बिघडलो ते कायमचे. गाणं कसं जड पावलांनी यायचं. गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल, आणि ड्रमचा एकेक ठोका पोटात बसायचा. नेने सर डोळे मिटून म्हणायचे, "काय वजन आहे हो!" नेने सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि आमच्या कंपूत त्यांचा शब्द शेवटचा.

खटकणाऱ्या गोष्टी होत्या, नाही असं नाही. कव्हरवर सात मिनिटं छापलेलं गाणं माझ्या घड्याळात साडेआठ मिनिटं चालायचं. भरून द्यायच्या धंद्यात मिनिटांवर डोळा ठेवावाच लागतो, म्हणून मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तिकडे कर चुकवायला कंपन्या मिनिटं कमी दाखवतात." सरांनी सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

एक गिऱ्हाईक मात्र सांगायलाच हवं. संगमेश्वराकडच्या एका गावातून नमनाच्या खेळातला, शिमग्यातल्या सोंगांच्या नाटकातला, रावण स्वतः दुकानात आला. म्हणजे रावणाचं सोंग घेणारा माणूस, एरवी अंगाने काडी.

"मास्तर, रावनाच्या एंट्रीला कायतरी भारी द्या," तो म्हणाला. "मृदुंगावर आता पोरंबी भ्येत नायत."

मी त्याला एका गाण्याच्या सुरुवातीची गुरगुरणारी गिटार भरून दिली. पुढची कित्येक वर्षं त्या गावात रावण त्या गिटारीवर एकेक पाऊल टाकत मांडवात यायचा. बायका म्हणे पदर तोंडात धरायच्या. तो दर शिमग्याला मला नारळ आणून द्यायचा.

आता विलासबद्दल. विलास सकपाळ तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा. वडील शाळामास्तर, आणि गावच्या भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. विलासचा कान तिथेच तयार झालेला. एस.टी.चा हॉर्न ऐकून पेटीवर नेमका तोच सूर काढून दाखवायचा. कुणाकडून तरी जुनी गिटार मिळवून तो दुकानात येऊन बसायचा आणि रेकॉर्डबरोबर वाजवायचा. रेकॉर्डचा सूर खालचा, म्हणून त्याने तारा चांगल्या सैल करून घेतल्या होत्या. त्या साडेआठ मिनिटांच्या गाण्यातला गिटारचा तुकडा तो असा वाजवायचा की रस्त्यावरची माणसं थांबायची. आमच्या कंपूला त्याचा केवढा अभिमान! हा पोरगा रत्नागिरीचं नाव काढणार, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

एकदा तो म्हणाला, "सदाभाऊ, ह्यांची पट्टी पेटीच्या पट्टीत नीट बसत नाय. किंचित खाली पडते. असं का?"

मी म्हटलं, "इंग्रजांची पेटी वेगळी असेल."

त्याच्या गावचा एक माणूस मुंबईत हॉटेलात कामाला होता. तिथल्या बँडला गिटारवाला हवा होता. त्याने निरोप धाडला आणि विलास गेला. बोलावलं होतं त्याच गाण्यासाठी. आम्ही स्टँडवर त्याला हार घालून गाडीत बसवलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो परत आला, स्टँडवरून थेट दुकानात, गिटार खांद्यालाच.

"काय रे, झालं का काम?"

"सदाभाऊ, तिथं गाणं वेगळं वाजवतात."

"वेगळं म्हणजे?"

"पळतं ते. आणि वरच्या पट्टीत. त्यांनी सुरू केलंनी आणि मला शिरायलाच मिळेना. तारा बघून हसले. म्हणाले, ह्यांच्यावर कपडे वाळत घाल." त्याने गिटार खांद्यावरून उतरवून ठेवली. "म्हणाले, तुला कानच नाय."

मी काही बोलणार तोच त्याने विचारलं, "सदाभाऊ, राग मानू नका. आपलं मशीन सावकाश तर चालत नाय?"

मला राग आला. माझ्या ट्रान्सफॉर्मरवर, माझ्या कारागिरीवर कालचा पोर शंका घेतो! दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर. मी म्हटलं, "इकडे ये. तुला दाखवतोच."

त्या मशीनच्या तबकडीच्या कडेला ठिपक्यांची एक रांग होती आणि बाजूला एक बारीक तांबडा दिवा. दिव्याच्या उजेडात ठिपके पुढे सरकताना दिसले तर वेग जास्त, मागे सरकले तर कमी. जागच्या जागी उभे दिसले की वेग अगदी बरोबर. कारखान्यानेच केलेली सोय.

"वाक. बघ नीट. ठिपके हलतायत?"

"नाय."

"मग कोण चुकलं?"

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग ताठ झाला. "म्हणजे माझाच कान," म्हणाला, आणि गिटार उचलून गेला. मी गिऱ्हाइकांकडे बघून हसलो. ते हसू मला आज आठवतं तेव्हा अंगावर काटा येतो.

विलास पुढे जिल्हा परिषदेत कारकून झाला. गिटार खोळीत गेली. आमच्याकडे मात्र तो येत राहिला, दर रविवारी. दाराजवळच्या पायरीवर बसायचा. कधी बोट हलवलं नाही की गुणगुणला नाही. लग्न झालं, नोकरी लागली की पोरांचे नाद सुटतात, असं आम्ही म्हणायचो.

मग सीडी आल्या, मोबाइल आले. तेव्हा तरी डोळे उघडायला हवे होते. सीडीवर आमची गाणी खरोखरच पळत होती, गायकाचा आवाज बायकी लागत होता. पण रसिक माणसाची अक्कल एकदा गहाण पडली की सोडवणं कठीण. नेने सरांनी एक इतिहासच रचला. मूळ गाणी अशीच संथ आणि खोल होती, पुढे नाचणाऱ्या पोरांसाठी कंपनीने ती पळवली. जुन्या छपाईच्या अस्सल रेकॉर्डी तेवढ्या आपल्याकडे उरल्या. आम्हाला हे इतकं आवडलं की आम्ही दर वर्षी एकेका रेकॉर्डचा वाढदिवस साजरा करायला लागलो. दुकान बंद केल्यावर माझ्या पडवीत. पाटावर रेकॉर्ड ठेवायची, माझी बायको सुमन कव्हरला हळदकुंकू लावायची, नेने सर बँडचा इतिहास सांगायचे आणि मी समारोप करायचो, "अस्सल रॉक ऐकायचं तर रत्नागिरीला या!" टाळ्या पडायच्या. कुणाचा नातू म्हणायचा, "आजोबा, हे स्लो आहे." आम्ही त्याला कोकम सरबत देऊन गप्प बसवायचो.

गेल्या वर्षी एका रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली, म्हणून कार्यक्रम जरा मोठा होता. पडवी भरली होती. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम गणपतीच्या नावाने सुरू होतो, तो रॉकचा का असेना. एरवी मोबाइलवर आरती लावायचो. त्या दिवशी मोबाइलचं आणि स्पीकरचं काही केल्या जमेना.

सुमन आत गेली आणि कपाटातून एक जुनी एल.पी. घेऊन आली. "अहो, ही लावा. आरत्यांची. कधीपासून पडून आहे."

जुनं मशीन कधीच भंगारात गेलं होतं. नेने सरांच्या मुलाने पुण्याहून दोन नव्या पिना पाठवल्या होत्या, म्हणजे नेम पाळायचं कारणही उरलं नव्हतं. मी आरतीची रेकॉर्ड त्या जपानी मशीनवर ठेवली आणि पिन टेकवली.

आरती सुरू झाली. कव्हरवर नऊवारी नेसलेल्या पाच बायकांचा फोटो, आणि आवाज बाप्यांचा. टाळ वाजतोय की कुणी जड घण मारतंय कळेना. जी आरती आम्ही बोलता यायच्या आधीपासून म्हणतो, जिची लय आमच्या टाळ्यांत आहे, ती चिखलात पाय रुतल्यासारखी चालली होती. हात जोडून उभी राहिलेली तीस-पस्तीस माणसं तशीच उभी राहिली. टाळी कुणालाच पडेना.

"अगो बाई, ह्या अशा काय रडतायत?" सुमन म्हणाली.

माझी नजर मशीनच्या मागच्या पाटीवर गेली. ती पाटी मी इतकी वर्षं दर शनिवारी फडक्याने पुसत आलोय. ६० सायकल. आपली वीज पन्नास सायकलची. म्हणजे आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, तिकडे साठ. त्या मशीनची मोटर हेलकाव्यांच्या हिशोबाने फिरते. व्होल्ट मी बदलले होते. सायकल बदलायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नेने सर मटकन खुर्चीत बसले. "पन्नास भागिले साठ," ते पुटपुटले. "सात मिनिटांची साडेआठ! अहो, हे मी पोरांना शिकवत आलो! आयुष्यभर!"

"पण सर, ठिपके?" मी ओरडलोच. "ठिपके तर उभे दिसतात!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तो दिवा कशावर चालतो, मयेकर?"

दिवाही त्याच विजेवर चालतो. मोटर जेवढी रेंगाळते तेवढाच दिवाही रेंगाळत लुकलुकतो. दोघं एकमेकांना धरून चालतात, म्हणून ठिपके उभे दिसतात. चोराची साक्ष चोराचा भाऊ देत होता, आणि मी ती साक्ष चारचौघांत मिरवत होतो.

आम्ही ज्याच्यावर जीव टाकला, ते वजन, ती खोल विहीर, तसं काही जगात कुणी वाजवलेलंच नव्हतं. ते फक्त माझ्या दुकानात वाजत होतं. हा धक्का प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता. कुणीतरी खुळ्यासारखं हसलं, मग तेही थांबलं.

तेवढ्यात विलास पायरीवरून उठला. केस पिकलेले, नुकता निवृत्त झालेला. माणसं आपोआप बाजूला झाली. तो मशीनजवळ आला आणि वाकला, अगदी तेव्हा वाकला होता तसा. आरती अजून चाललीच होती.

"ठिपके अजून हलत नायत, सदाभाऊ," तो म्हणाला.

मग त्याने चपला घातल्या आणि सरबत न घेता गेला.

तोपर्यंत मला मशीनचीच लाज वाटत होती. विलासची पाठ बघितली आणि मी खरं काय केलं होतं ते माझ्या ध्यानात आलं. गाणी सावकाश वाजली, त्यात कुणाचं काय गेलं? त्या रावणाचं तर भलंच झालं. पण सबंध रत्नागिरीत एकाच माणसाला खरं ऐकू आलं होतं. त्याने मला सरळ विचारलंही होतं, आणि मी त्याला पटवून दिलं होतं की चूक तुझ्या कानात आहे. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून आपल्या कानावरचा काढून घेतला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या सोमवारी सकाळी मीच त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली. भिंतीवर गिटार होती, खोळीत.

"विलास, माझं चुकलं रे," मी म्हटलं. "मला माफ कर."

त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. तो मला टाकून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

"वाजवशील का परत?" मी विचारलं.

त्याने डाव्या हाताची बोटं उघडून मिटून दाखवली. अर्धीच मिटली. "संधिवात," म्हणाला. "त्याचं काय नाय. पण मी पोरीला पेटी शिकवली नाय, सदाभाऊ. वडील गेले, पेटी घरात होती, पोरगी मागं लागलेली. मी म्हटलं, आपल्याला कान नाय, आपण कुणाला शिकवू नये."

मी परत माफी मागायला लागलो, तर त्याने हात वर केला.

"तोंडी नको. मी सगळी नोकरी टेबलावर काढली. तोंडी गोष्टीला फायलीत जागा नसते. तुम्ही चारचौघांत सांगितलं होतंत, आता चारचौघांत लिहून द्या. आणि त्यात माफी नको. कान बरोबर होता का नाय, तेवढंच लिहा."

घरी येऊन मी पहिल्यांदा मशीन उघडलं. मोटरवरची पुली, तबकडीचा पट्टा ओढणारं चाक ते, हिशोबाने मोठी करून घेतली. लेथवाल्याने अर्ध्या तासात करून दिली. अर्ध्या तासाचं काम होतं ते. आता आरती आरतीसारखी वाजते आणि ती सगळी गाणी पळतात. वेग बरोबर आहे, पण दिवा अजून पन्नासच्याच हिशोबाने लुकलुकतो, त्यामुळे तांबड्या दिव्यात ठिपके सारखे पुढे सरकत असतात.

त्यानंतर संपादकांचा फोन आला, म्हणून हा लेख. संपादकांनी यातलं काय वाटेल ते कापावं, पुढचं मात्र कापू नये.

लिहून देणार, सदानंद मयेकर, वय वर्षे बहात्तर, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार मांडवी, रत्नागिरी. लिहून घेणार, विलास सकपाळ, राहणार रत्नागिरी. कारणे लिहून देतो की, लिहून घेणार यांनी माझ्या दुकानात मला जे विचारलं ते खरं होतं. मशीन सावकाश चालत होतं. मशीनच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलेलं होतं. विलास सकपाळ यांचा कान तेव्हा बरोबर होता आणि आजही आहे.